खिडकी एकदाच काढायची

माझी भाची आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मामा, रेव्हिट नीट वापरायच्या चार टिप्स लिहून पाठव ना," असा तिचा निरोप आला. लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की प्रत्येक टीपेमागे एक "असं का?" उभं राहतंय आणि त्या "का"चं उत्तर सॉफ्टवेअरच्या मेनूत नाही, त्याच्या इतिहासात आहे. मग म्हटलं, तिला एकटीला कशाला, इथेच लिहावं. ज्यांचा बांधकामाशी संबंध फ्लॅटचा हप्ता भरण्यापुरता आहे, अशा नातेवाइकांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न करतो. नाही कळलं तर फोन करा!

आधी नावाचा घोळ. बिम म्हणजे साइटवरचा 'बीम' नव्हे, तुळई नव्हे. 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. थोडक्यात सांगायचं तर इमारतीचं चित्र काढायचं नाही, इमारतीचं वर्णन कॉम्प्युटरला द्यायचं. ही भिंत, इतकी जाड, विटेची, या मजल्यापासून त्या मजल्यापर्यंत. तिच्यात ही खिडकी. मग प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, खिडक्यांची यादी हे सगळं त्या एकाच वर्णनातून निघतं.

यात एवढं काय विशेष, असं वाटेल. पण आम्ही शिकलो तेव्हा ट्रेसिंग पेपर, रॉटरिंग पेन आणि चुकलं की ब्लेडने खरवडणं असा कारभार होता. एक खिडकी पाच ठिकाणी काढायची: प्लॅनवर, एलिव्हेशनवर, सेक्शनमध्ये, डिटेलच्या शीटवर आणि दरवाजे-खिडक्यांच्या शेड्यूलमध्ये. मालकांनी "खिडकी जरा मोठी करा" म्हटलं की पाचही ठिकाणी ब्लेड चालवायचं. त्यातलं एखादं राहायचंच. कोथरूडच्या एका बंगल्याच्या साइटवर मी उमेदवारी करत असताना दुसऱ्या एका ऑफिसकडून आलेला ड्रॉइंगचा संच सुतारासमोर पसरला होता. प्लॅनवर खिडकी १२००, शेड्यूलमध्ये १३५०, आणि एलिव्हेशनवर पट्टी लावली तर १५००. सुतार शांतपणे म्हणाला, "साहेब, यातली खरी कोणची?"

याच प्रश्नावर अमेरिकेतल्या एका आर्किटेक्टने १९७५ साली लेख लिहिला होता, हे मला फार पुढे कळलं. त्याचं नाव चार्ल्स ईस्टमन. बर्कलीला आर्किटेक्चर शिकलेला आणि तेव्हा पिट्सबर्गच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठात शिकवत असलेला. अमेरिकन आर्किटेक्ट्सच्या संस्थेच्या मासिकात त्याने लेख लिहिला, आणि त्याच्या शीर्षकाचा आशयच असा होता, की इमारतीच्या डिझाइनसाठी ड्रॉइंग'ऐवजी' कॉम्प्युटर. लक्षात घ्या, ड्रॉइंग काढण्यासाठी कॉम्प्युटर नव्हे. ड्रॉइंगच्या ऐवजी! त्याचं म्हणणं साधं होतं. ड्रॉइंगमध्ये एकच वस्तू अनेकदा काढावी लागते, बदल झाला की सगळीकडे करावा लागतो, आणि इमारत बदलत गेली तरी ड्रॉइंग जुनंच राहतं. त्यापेक्षा प्रत्येक घटकाचं वर्णन एकदाच साठवा आणि हवा तो प्लॅन, हवा तो सेक्शन त्यातून काढून घ्या. बदल एकदाच करायचा. वर्णन असल्यामुळे किती माल लागेल याचा हिशेबही त्यातूनच निघेल. त्याच्या चमूने 'बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम' नावाचा प्रोग्रॅम पीडीपी-१० या मशीनवर चालवूनही दाखवला.

सिस्टिमच्या नावात 'डिस्क्रिप्शन' आहे, 'ड्रॉइंग' नाही. माझ्या मते बिमबद्दल जे शिकायचं ते सगळं या एका शब्दात आहे. आज रेव्हिट वापरणारी बरीच मुलं त्यात चित्रच काढत असतात. सेक्शनमध्ये स्लॅब आणि भिंत नीट जुळत नाहीत? मग मॉडेल दुरुस्त करण्याऐवजी वरून एक रेघ मारून झाकायचं. प्रिंट छान दिसते. पण दुसऱ्या सेक्शनमध्ये ती रेघ नसते आणि मालाच्या हिशेबातही नसते. म्हणजे सुतार पुन्हा तिथेच उभा. तेव्हा पहिली टीप: रेघेने झाकायचा मोह झाला, की थांबायचं आणि मॉडेलमध्ये जाऊन बघायचं.

याहून गमतीची गोष्ट मापांची आहे. ऑटोकॅडमध्ये मापावर डबल क्लिक करून हवा तो आकडा टाइप करता येतो. रेघ ११८० ची असली तरी १२०० लिहून मोकळं होता येतं. घाईच्या दिवसांत हे सगळ्या ऑफिसांत चालायचं, आणि याला आम्ही 'माप मारणं' म्हणायचो. रेव्हिटमध्ये मापाच्या जागी दुसरा आकडा टाकायला गेलात तर ते सरळ नकार देतं. शब्द लिहा, आकडा नाही. पहिल्यांदा ते वापरणारा प्रत्येक जण यावर वैतागतो. (इंटरनेटवर यातून पळवाटा काढायचे उपाय मिळतात. भाचीबाई, ते शोधू नका.) हा नकार म्हणजे ईस्टमनचा नियमच आहे, कोणीतरी कोडमध्ये उतरवलेला.

आता थोडं मागे जायला हवं, कारण ईस्टमनच्याही आधी एक माणूस होता. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलंड नावाच्या तरुणाने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम केला. मार्गदर्शक होते क्लॉड शॅनन, म्हणजे माहितीशास्त्राचे साक्षात आद्यपुरुष. टीएक्स-२ नावाचं खोलीभर मशीन, पडदा आणि हातात प्रकाशाचं पेन. पडद्यावर रेघ मारली की कॉम्प्युटर ती समजून घ्यायचा. पण खरी करामत पुढे होती. सदरलंडने 'मूळ' आणि त्याच्या 'प्रती' अशी कल्पना आणली. एक मूळ आकृती काढा, तिच्या शंभर प्रती हव्या तिथे ठेवा. मूळ बदललं की शंभरही बदलतात. शिवाय 'या दोन रेघा समांतरच राहिल्या पाहिजेत' अशी बंधनंही घालता यायची.

रेव्हिटमधलं टाइप आणि इन्स्टन्स हे याच मूळ-प्रतीचं नातवंड. नवशिक्याची ठरलेली घटना अशी: एका संडासाचं दार ७५० चं करायचं असतं, तो 'एडिट टाइप'मध्ये जाऊन रुंदी बदलतो आणि इमारतीतली त्या टाइपची सगळी दारं ७५० ची होतात. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो बघत असतो त्या एका संडासाकडे. म्हणून ऑफिसात नव्या मुलांना मी एक मंत्र देतो: आधी डुप्लिकेट, मग नाव, मग माप. आणि बंधनांबद्दल: ते छोटं कुलूप दिसतं ना, ते दिसेल तिथे लावत सुटू नका. कुलपं वाढली की कुठेतरी एक भिंत सरकवली तर तीन खोल्या पलीकडे काहीतरी ओरडतं. त्या पिवळ्या इशाऱ्यांच्या खिडक्या न वाचता बंद करायची सवय लागली तर मग सुटत नाही.

बरं, कल्पना १९६३ आणि १९७५ ची, मग आम्ही नव्वदीत ऑटोकॅडवर रेघाच का ओढत होतो? उत्तर पैशाचं आहे. स्केचपॅड काय किंवा ईस्टमनची सिस्टिम काय, ती यंत्रं विद्यापीठांच्या आणि सरकारी प्रयोगशाळांच्या खिशाची होती. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड आलं ते साध्या पीसीवर चालणारं. छोट्या ऑफिसलाही परवडणारं. त्यात रेघ ही रेघच असायची, ती भिंतीची आहे की टेबलाची हे त्या रेघेला ठाऊक नसायचं. त्यासाठी लेअर लावायचे. म्हणजे वेगवान, न ओघळणारी शाई. हल्ली त्याला नावं ठेवायची फॅशन आहे. मी ठेवणार नाही, आमच्या पिढीची चूल त्यावर पेटली आहे. पण रेव्हिटमध्ये आल्यावर "लेअर कुठे आहेत?" असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की तिथे ते मुद्दामच नाहीत. भिंतीला आपण भिंत आहोत हे तिथे ठाऊक असतं.

त्याच साली तिकडे बुडापेस्टमध्ये जे घडत होतं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतं. गाबोर बोयार हा भौतिकशास्त्रज्ञ, आर्किटेक्ट नव्हेच. हंगेरी तेव्हा कम्युनिस्ट गटात. अशा देशात या माणसाने १९८२ साली ग्राफिसॉफ्ट ही कंपनी काढली, आणि भांडवलासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवले. (आपल्याला दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई आठवल्याशिवाय कसे राहतील?) पहिलं मोठं काम होतं पाक्श इथल्या अणुवीज केंद्रातल्या पाइपांच्या जाळ्याचं त्रिमिती मॉडेल. पाइपांच्या गुंत्यात सपाट ड्रॉइंग किती निरुपयोगी असतं, हे ज्याने एखाद्या हॉस्पिटलच्या फॉल्स सीलिंगवर डोकं घातलंय त्याला सांगायला नको. पाश्चात्त्य देशांतून तिकडे कॉम्प्युटर पाठवण्यावर निर्बंध होते, तरी यांनी ॲपलच्या छोट्या मशीनवर हे बसवलं. १९८४ साली ॲपल लिसासाठी 'रडार सीएच', आणि तेच पुढे आर्किकॅड झालं. 'व्हर्च्युअल बिल्डिंग' हा त्यांचा शब्द १९८७ पासूनचा. स्टीव्ह जॉब्जने या मंडळींना सुरुवातीला हात दिला होता. त्याची आठवण ठेवून २०११ मध्ये, जॉब्ज गेल्यानंतर काही आठवड्यांतच, बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट पार्कात त्याचा पुतळा उभा राहिला.

ब्रिटनमध्येही 'रुकॅप्स' नावाची सिस्टिम होती. १९८६ च्या सुमारास लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनल ३ च्या टप्प्याटप्प्याच्या कामासाठी ती वापरली गेली आणि तिच्यावर काम करणाऱ्या रॉबर्ट एश यांनी तेव्हाच 'बिल्डिंग मॉडेल' हा शब्द लेखात वापरला. 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल' हे पूर्ण नाव १९९२ मध्ये फान नेडरफेन आणि टोलमन या दोघांच्या शोधनिबंधात आलं.

आणि रेव्हिट? ते आलं मशीनच्या सुट्या भागांच्या जगातून. 'प्रो-इंजिनिअर' या सॉफ्टवेअरने १९८० च्या दशकाअखेरीस यंत्रभागांचं डिझाइन बदलून टाकलं होतं: एक माप बदललं की त्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलायचं. त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या लिओनिद रायझ आणि अर्विन जुंग्रायस यांनी १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये नवी कंपनी काढली. जे बोल्ट-नटला जमतं ते भिंत-खिडकीला का नाही, हा प्रश्न. ५ एप्रिल २००० ला पहिली आवृत्ती आली. नावाचा अर्थ 'ताबडतोब बदला'. २००२ मध्ये ऑटोडेस्कने, म्हणजे ऑटोकॅडवाल्यांनीच, ती कंपनी १३ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. बिम हे नाव घरोघरी (म्हणजे ऑफिसोऑफिसी) पोचलं ते त्यानंतर. ब्रिटिश सरकारने २०११ मध्ये धोरण जाहीर केलं आणि २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना बिम लागू केलं. आपल्याकडे नागपूर मेट्रोने सुरुवातीपासूनच वेळ आणि खर्च जोडलेलं बिम वापरलं, त्याचं त्या वेळी बरंच कौतुक झालं होतं.

यंत्रभागांच्या जगातून आल्यामुळे रेव्हिटमध्ये एक स्वभावदोषही आला, असं मला वाटतं. यंत्राच्या भागाला मिलिमीटरच्या अंशाची अचूकता लागते. घराच्या पहिल्या कल्पनेला ती लागत नाही, उलट बाधते. हाताने १:१०० ला ड्रॉइंग करताना ०.२ ची निब म्हणजे प्रत्यक्षात २० मिलिमीटरची रेघ! त्याहून बारीक विचार करणं शक्यच नव्हतं. निबच सांगायची, बाबा रे, इथे थांब, अजून जिना ठरला नाही. रेव्हिटमध्ये पहिल्याच दिवशी भिंत काढायची तर तिला जाडी हवी, थर हवेत, प्लास्टर हवं. पडद्यावर ४२३७ असा आकडा दिसतो आणि तो ठरलेला वाटतो. ग्राहकालाही वाटतो, हे जास्त धोक्याचं. अमेरिकन आर्किटेक्ट्सच्या संस्थेने २००८ मध्ये करारपत्रात 'लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट'च्या पायऱ्या, १०० पासून ५०० पर्यंत, आणल्या त्या यासाठीच: या टप्प्याला मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा हे लिहून द्या. भाषा वकिली आहे, पण काम निबेचंच. माझा सल्ला: पहिले काही आठवडे साध्या, नाव नसलेल्या जाडीच्या भिंती वापरा. बिजागऱ्या आणि नळ मॉडेलमध्ये टाकायला खूप वेळ आहे. पेन्सिल तर कधीच सोडू नका.

आता जे लिहितोय ते आमच्या पुण्यातलं. २००५ च्या आसपास मी ज्या ऑफिसात होतो, तिथे ब्रिटन-अमेरिकेतली कामं येऊ लागली. तिकडची फर्म सपाट ड्रॉइंगच्या पीडीएफ पाठवायची. आमची मुलं त्यावरून मॉडेल बांधायची. मग त्या मॉडेलमधून पुन्हा सपाट ड्रॉइंग काढून तिकडे पाठवायची. ईस्टमनने 'ड्रॉइंगऐवजी' म्हटलं होतं; इथे ड्रॉइंगपासून ड्रॉइंगपर्यंतच्या प्रवासात मॉडेल म्हणजे मधलं स्टेशन! पण त्या मधल्या स्टेशनावर काय व्हायचं ते सांगतो. मॉडेल बांधताना लपवाछपवी चालत नाही. जिन्याखाली डोकं आपटतंय, डक्ट बीममधून जातोय, दोन सेक्शनमध्ये स्लॅबच्या पातळ्या वेगळ्या आहेत, हे सगळं ते बांधणाऱ्याला पहिल्यांदा दिसतं. तेविशीची मुलगी, सातारा किंवा लातूरहून आलेली, तिकडच्या हॉस्पिटलची इमारत तिकडच्या आर्किटेक्टपेक्षा बारकाईने ओळखायची. आणि तिने ती साइट, तो पाऊस, तिथला गवंडी कधीच पाहिलेला नसायचा. तिच्या प्रश्नांची यादी तिकडे जायची, कुणीतरी उत्तरं भरायचं. 'असं का केलं' हे तिला कुणी सांगत नव्हतं आणि विचारायची पद्धतही नव्हती.

मला हे तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं. कारण जुन्या पद्धतीत ज्युनिअर मुलगा खिडकी पाच ठिकाणी काढायचा ते कंटाळवाणं होतं खरं, पण पाच वेळा काढताना तो पाच वेळा त्या खिडकीचा विचार करायचा. सिल किती उंच, पाऊस कुठून येणार, ग्रिल कुठे बसणार. आता खिडकी लायब्ररीतून येते, क्लिक केलं की बसते. वेळ वाचला, तो कुठे गेला? आमच्या कामात मी एक नियम केला आहे. लायब्ररीतून खिडकी घेणाऱ्याने तिचं एक डिटेल हाताने काढून दाखवायचं, मगच ती मॉडेलमध्ये. मुलं कुरकुरतात. दोन-तीन महिन्यांनी साइटवर सुताराशी बोलताना त्यांना उपयोग होतो, तेव्हा कुरकुर कमी होते.

क्लॅश काढण्याचंही तसंच. शेफिल्डमध्ये जन्मलेलं नॅव्हिसवर्क्स (२००७ मध्ये तेही ऑटोडेस्कने घेतलं) स्ट्रक्चरचं, प्लंबिंगचं आणि आपलं मॉडेल एकत्र करून कोण कुणाला आपटतंय ते सांगतं. पहिल्या खेपेला हजारो टक्करी निघतात आणि सगळे घाबरतात. त्यातल्या बहुतेक पाइपाच्या वेष्टनाने भिंतीला हलकं शिवल्याच्या असतात. यादी छोटी करणं हे काम नव्हे. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि प्लंबिंग कन्सल्टंट यांना एका टेबलाशी, एका पडद्यासमोर बसवणं हे काम, आणि ते सॉफ्टवेअर करत नाही.

एक शेवटचा भाग राहिला. ईस्टमनचं वर्णन इमारतीचं होतं, कुठल्या कंपनीचं नव्हतं. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीने आपली फाइल आपल्या कुलपात ठेवली. २००४ मध्ये अमेरिकन सरकारच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, हिशेब काढला, की एका सॉफ्टवेअरची माहिती दुसऱ्यात नीट न जाण्यामुळे तिथल्या मोठ्या बांधकामांच्या क्षेत्राला वर्षाला १५८० कोटी डॉलरचा फटका बसतो. यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आयएफसी नावाचं सामाईक, खुलं स्वरूप बनत होतं. २०१३ मध्ये त्याला पूर्ण आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. ते परिपूर्ण नाही. गुंतागुंतीची छपरं दुसरीकडे उघडताना वेडीवाकडी होतात. तरी तेच एक असं आहे जे कुणा एकाच्या मालकीचं नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या नामांकित फर्म्सनी, त्यात झहा हदीद यांची फर्मही होती, ऑटोडेस्कला उघड पत्र लिहून रेव्हिटची किंमत वाढते आणि सुधारणा मात्र रखडतात अशी तक्रार केली. ईस्टमन त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले.

रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी दर प्रोजेक्टला कुणीतरी एक जण उत्साहात फाइल नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह करतोच. म्हणून फाइलच्या नावातच आवृत्तीचं साल लिहा. ऑटोकॅडची ड्रॉइंग आत इम्पोर्ट करू नका, लिंक करा. आणि काम संपलं की त्या दिवशीच्या मॉडेलची एक आयएफसी प्रत, सगळ्या शीट्सच्या पीडीएफ आणि एक छापील संच असं तिन्ही काढून मालकांच्या हातात द्या. छापील संचावर इमारतीत प्रत्यक्ष झालेले बदल लाल पेनने लिहिलेले असावेत. ते मॉडेलमध्येही केलेत की नाही हे त्या लाल खुणांवर एकेक टिक करत तपासायचं.